दसऱ्याच्या सह्या

शुक्रवारी दुपारी आदेश आला. जूनपासून शाळा रस्त्यापलीकडच्या शाळेत विलीन होणार होती. आदेशाला शाळा समितीच्या ठरावाची प्रत जोडली होती. ठराव तेलुगूत होता. त्याखाली अकरा सह्या होत्या. पहिली सही अध्यक्ष म्हणून कौसाबाईची होती.

कौसाबाईला तेलुगू बोलता येई, वाचता येत नसे. तिनं तो कागद माझ्याकडून दोनदा वाचून घेतला. मग स्वतःच्या सहीवर बोट ठेवून म्हणाली, "दस्तखत माह्यीच हाय, मास्तर. पण हे मी म्हणलं नाई."

तिला जाऊन आता पाच महिने होत आले. तिच्याबद्दल लिहायचं ठरवून मी बरेचदा बसलो आणि उठलो. बसलो की आधी ते बोट आठवतं. वांगी खुडून खुडून त्याचं टोक काळं पडलेलं होतं आणि ते कागदावरून उचललं जात नव्हतं.

तिचं गाव तेलंगणात, इचोड्यापासून सहा-सात किलोमीटरवर, हैदराबाद–नागपूर रस्त्याला लागून आहे. गाव आणि मराठी शाळा रस्त्याच्या एका अंगाला, तेलुगू शाळा दुसऱ्या अंगाला. मध्ये चौपदरी रस्ता आणि रात्रंदिवस ट्रक. मराठी शाळेत दोन खोल्या, एक हेडमास्तर आणि मी. मी कायमचा शिक्षक नव्हतो. समितीनं ठराव करून मागितलेला, दर वर्षी नव्यानं मंजूर होणारा विद्या वालंटीर होतो. इचोड्यात वडिलांचं वह्यापुस्तकांचं छोटं दुकान आहे, तिथून रोज गाडीवर जात असे.

शाळेला समिती असावी, तिच्यात पालक असावेत, निम्म्याहून जास्त बाया असाव्यात, असा कायदा आहे. कौसाबाईची नात, थोरल्या मुलीची मुलगी, तिच्याकडे राहून शिकत होती. म्हणून कागदावर पालक कौसाबाई. समितीची निवड झाली त्या दिवशी ती गावात नव्हती. इचोड्याच्या बाजारात बसली होती. जी हजर नाही तिचं नाव घ्यायला कोणाचीच हरकत नसते. संध्याकाळी टोपली घेऊन ती ऑटोतून उतरली तेव्हा तिच्या नवऱ्यानं, भीमरावनं, तिला बातमी सांगितली. भीमराव दिवसातून चार वाक्यं बोलणारा माणूस. त्यातलं एक त्यानं त्या दिवशी खर्च केलं. "वांगे इकाले गेली अन् अध्यक्ष होऊन आली."

"मंग काय करू? वांगे खपले होते," ती म्हणाली.

गंमत तिथंच संपली. पुढच्या महिन्यात बोथ गावी अध्यक्षांचं प्रशिक्षण झालं. बाकीचे अध्यक्ष जेवण आणि प्रवासखर्च घेऊन परतले. कौसाबाई एक पिवळं पुस्तक घेऊन परतली आणि घरी न जाता सरळ शाळेत आली. समितीचे अधिकार आणि कर्तव्यं त्या पुस्तकात तेलुगूत छापली होती.

"हे मले मराठीत लिहून द्या."

"सगळं?"

"मंग अर्धं लिहून काय करता? अर्ध्यात काय हाय ते मले कसं समजन?"

मी शंभर पानी वहीत आठ दिवस लिहीत होतो. लिहून झाल्यावर तिनं ते वाचून दाखवायला सांगितलं. ती चौथी शिकलेली. वाचता येत होतं, पण तिचा कानांवर जास्त भरवसा होता. शाळा सुटल्यावर व्हरांड्यात भिंतीला टेकून बसायची, कोथिंबिरीच्या जुड्या बांधायची आणि ऐकायची. समितीनं शाळेवर देखरेख ठेवावी. मुलांचं जेवण पाहावं. शिक्षक वेळेवर येतात का पाहावं. शाळेत न येणाऱ्या मुलांच्या घरी जावं. शाळेच्या विकासाचा आराखडा करावा आणि तशी शिफारस करावी. दोन महिन्यांतून एकदा तरी बसावं. निम्मे सभासद असल्याशिवाय बैठक धरू नये.

पूर्ण ऐकून झाल्यावर तिनं हातातली जुडी बांधून खाली ठेवली. मग म्हणाली, "मास्तर, याच्यात अधिकार दोन हायत अन् कामं पंचवीस हायत. हे तं सुनेचं पुस्तक हाय."

त्यानंतर गावात त्या वहीला सुनेचं पुस्तकच म्हणत. कौसाबाई पुढं कुठल्याही ऑफिसात गेली की वही पिशवीत असायची, भाजीवर टाकायच्या ओल्या फडक्यापासून दूर, वेगळ्या प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली.

जेवण पाहावं असं लिहिलं होतं, म्हणून ती रोज पाहायची. बाजाराचा दिवस सोडून रोज साडेअकराला ती यायची, हात धुवायची, ताटलीत पळीभर वरण घ्यायची आणि उभ्यानं चाखायची. स्वयंपाक करणारी लक्ष्मी तिच्याच भावकीतली. एकदा तिनं तोंड वाकडं केलं. "काऊन वो कौसाक्का, रोज पाह्यला येता. मी काय इख घालून राह्यली काय?"

"तू नाई घालत. पण कायद्यात लिहेल हाय, आधी मोठ्या माणसानं खावं. इख असलं तं मी आधी जाईन. तुह्या हातचं खाऊन मेली तं लोकं म्हणतीन, चांगलं जेवून मेली."

लक्ष्मी हसली. त्या दिवसापासून कौसाबाईच्या पळीत ती थोडं जास्त वरण घालू लागली. मुलं पंगतीत बसून तिच्या चेहऱ्याकडे पाहत असत. तिनं मान हलवली की घास घेत. एका वर्षात मुलं इतकी सरावली, की बाजाराच्या दिवशीही जेवणाआधी क्षणभर थांबायची.

पण मला तिची सगळ्यात आधी ओळख पटली ती दोरीच्या दिवसांत. रस्त्यापलीकडच्या शाळेत आमची शाळा मिसळायची बोलणी तेव्हा पहिल्यांदा सुरू झाली. आमची मुलं तेवीस होती. वरून आलेल्या कागदात दोन शाळांमधलं अंतर एक किलोमीटरहून कमी दाखवलं होतं. कौसाबाईनं वही उघडायला लावली. लहान मुलांना शाळा एक किलोमीटरच्या आत असावी, असं त्यात मी लिहिलेलं होतं.

"कोणं मोजलं?" तिनं विचारलं.

हेडमास्तर तेव्हा मराठीच होते, निवृत्तीला आलेले. ते म्हणाले, "नकाशावर मोजतात, बाई. सरळ रेषेत."

"लेकरं काय कावळे हायत?"

दुसऱ्या दिवशी तिनं विहिरीचा दोर काढला. पन्नास हात. एक टोक तिच्याकडे, एक माझ्याकडे. भीमराव मागून काठीनं मातीत खुणा करत होता. शाळेच्या पायरीपासून निघालो. गावातून, नाल्याच्या पुलावरून, रस्त्यापर्यंत. रस्त्याशी आल्यावर दोर टाकता येईना. एक ट्रक गेला की मी पुढं व्हायचो, दुसरा दिसला की मागं. तिसऱ्यांदा दोर चाकाखाली गेला आणि तिच्या हातातून हिसकला गेला. तिनं तळहात पाहिला. सोलला होता. पदराच्या टोकानं दाबून धरला आणि म्हणाली, "लिव्हा मास्तर. रस्ता मोजता आला नाई."

"रस्ता सोडून लिहू?"

"सोडून कायले? तसंच लिव्हा. दोन मोठे माणसं उभे होते तरी रस्ता मोजता आला नाई."

मी तसंच लिहिलं. रस्ता सोडूनही अंतर एक किलोमीटरच्या वर भरलं. तो ठराव पंधरा जणांच्या सह्यांनी गेला आणि त्या वर्षी विलीन व्हायची गोष्ट थांबली. गावात तिला लोक चिडवायचे, "कौसाबाई तलाठी झाली." ती चिडायची नाही. पण तेव्हापासून तिची झोप गेली. भीमरावनंच मला सांगितलं, त्याच्या चार वाक्यांतलं एक वापरून. "रातीची उठून बसते अन् लेकरं मोजते."

आता सह्यांबद्दल सांगायला हवं. ते टाळून कौसाबाई सांगता येणार नाही.

आमच्याकडे दसरा झाला की कापसाची वेचणी सुरू होते. गावातल्या बाया सकाळी सातला टेम्पोत बसून लांबच्या शेतांवर जातात. मजुरी किलोवर. चारची बैठक असली तर दुपारीच निघावं लागतं, म्हणजे अर्धा दिवस बुडतो आणि शेतवाला दुसऱ्या दिवशी टेम्पोत जागा देत नाही. पहिल्या वर्षी दोन बैठका माणसांअभावी धरता आल्या नाहीत. निम्मे सभासद म्हणजे आठ, आल्या चार-पाच. कौसाबाईनं तोड काढली. दसऱ्याच्या दिवशी आपट्याची पानं वाटून झाली की समितीच्या बाया नवी लुगडी नेसून शाळेत यायच्या, एकमेकींच्या पाया पडायच्या, आणि ठरावाच्या रजिस्टरात पुढच्या तीन-चार कोऱ्या पानांच्या खालच्या बाजूला सह्या करून ठेवायच्या. हसत-खिदळत करायच्या. तिघे पुरुष सभासदही येऊन सही करून जायचे. "माहं सोनं घे अन् माही सही घे," असं एकीनं म्हटल्याचं मला आठवतं.

हे चुकीचं होतं हे मला माहीत होतं. हेडमास्तरांनाही होतं. पण कौसाबाईची एक पद्धत होती, आणि तिच्यामुळं आम्ही गप्प राहिलो. पान भरायच्या आदल्या दिवशी, बाया शेतावरून आल्या की ती घरोघरी जायची. चुलीसमोर बसायची. काय लिहायचं आहे ते तोंडी सांगायची. हो म्हणवून घ्यायची. एखादी "तुमी म्हणान तसं" म्हणाली तर चिडायची. "मी म्हणन तसं नाई. तू काय म्हणतं ते सांग. नाई तं उद्या पान कोरं राहीन." तिन्ही वर्षं एकही ओळ तिनं विचारल्याशिवाय लिहू दिली नाही. माझ्या नेमणुकीचा ठराव, दुसरी खोली दुरुस्त करायचा ठराव, लक्ष्मीला मदतनीस मागणारा ठराव, सगळे असेच झालेले. सही आधी, बोलणं नंतर, पण बोलणं झाल्याशिवाय काही नाही. आम्हाला वाटलं, एवढं पुरे.

मग हेडमास्तर निवृत्त झाले. त्यांच्या जागी तात्पुरते म्हणून तेलुगू सर आले; सगळे त्यांना सार म्हणत. त्यांना मराठी थोडं समजे. वाईट माणूस नव्हता. मुलांना मारत नसे, वेळेवर येत असे. दसऱ्यानंतर एका दुपारी त्यांना फोन आला. उद्या सकाळपर्यंत समितीचा ठराव पाहिजे, विलीन करायला हरकत नाही असा. सगळ्या शाळांकडून मागवले होते. बाया शेतावर, कौसाबाई बाजारात. सारांनी मला रजिस्टर मागितलं. मी कपाटातून काढून दिलं. कशाला ते विचारलं नाही. त्यांनी सह्या असलेलं पान पाहिलं. त्यांना वाटलं, समितीनं सहीचे अधिकार हेडमास्तरला दिलेले दिसतात. इथं असंच चालत असेल. त्यांनी वरती ठराव लिहिला. पंधरापैकी अकराच सह्या होत्या त्या पानावर, कारण त्या दसऱ्याला चौघी माहेरी गेल्या होत्या.

आदेश आल्यावर सार तिच्यासमोर उभे राहिले आणि तेलुगूत म्हणाले, "अम्मा, मला ठाऊक नव्हतं तुम्ही घरोघरी विचारता म्हणून. कोणी सांगितलं नाही मला."

तिनं माझ्याकडे पाहिलं. मग त्यांच्याकडे. "तुमाले कोण सांगन, सार. ते पुस्तकात लिहेल नव्हतं. आमच्याआमच्यात होतं."

ती त्यांच्यावर ओरडेल म्हणून गावातली माणसं जमली होती. माणसं निराश होऊन परतली.

आठ दिवसांनी आम्ही आदिलाबादला, जिल्ह्याच्या शिक्षण ऑफिसात गेलो. ती, भीमराव, मी आणि सार. सार स्वतःहून आले, रजा टाकून. बसमध्ये कौसाबाई मांडीवर वहीची पिशवी घट्ट धरून होती. गुडीहत्नूरच्या पुढं तिनं एकदाच तोंड उघडलं. "मास्तर, खरं सांगितलं तं जेलात घालतात काय?"

"नाही हो, मावशी."

"मंग ठीक हाय. यायले पोळ्या टाकता येत नाई," ती भीमरावकडे मान करून म्हणाली. भीमराव खिडकीबाहेर पाहत राहिला.

मोठ्या साहेबांनी आमचं ऐकून घेतलं, हे मला सांगितलंच पाहिजे. त्यांनी चहा मागवला. कौसाबाईनं कप हातात घेतला नाही. उभी राहून तिनं तेलुगूत, बाजारातल्या तेलुगूत, सगळं सांगितलं. सह्या आमच्या आहेत. पान कोरं होतं. कोरं ठेवायची चाल मी पाडली. हा ठराव कोणीही बोललेलं नाही.

साहेब रजिस्टर चाळत होते. ते हिंदीत म्हणाले, "अम्मा, आप कह रही हैं कोरे काग़ज़ पर दस्तख़त थे, इसलिए यह ठहराव झूठा. तो ये पीछे वाले? ये भी ऐसे ही हुए?"

"हो."

"फिर ये भी झूठे मानने पड़ेंगे. टीचर वाला भी."

तिनं मागं वळून माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली. ती खूप वेळ पाहत होती असं मला वाटलं. कदाचित तसं नसेल. मग तिचा आवाज आला, मराठीत, तेलुगू विसरून. "धरा, साहेब. समदे खोटे धरा. पण हे एक आधी धरा."

साहेबांनी मार्ग दिला. ठराव रद्द. मागची पानंही रद्द. माझी नेमणूक चालू वर्षापुरती. दहा दिवसांनी, सोमवारी अकरा वाजता, मंडलाच्या, म्हणजे आमच्याकडच्या तालुक्याच्या, अधिकाऱ्यासमोर नवी बैठक. निम्मे सभासद प्रत्यक्ष हजर पाहिजेत. बहुमतानं विलीन करू नका असं म्हटलं, तर ते पुन्हा विचार करतील. निम्मे आले नाहीत, तर आदेश कायम.

त्या दहा दिवसांत कौसाबाईनं एकही जुडी विकली नाही. दर संध्याकाळी फिरत होती. सभासदांत बारा बाया, तीन पुरुष. पुरुषांपैकी एक निझामाबादला कामाला, एक आजारी. वेचणी भर रंगात होती. गावात होते त्या सगळ्यांनी येतो म्हणून सांगितलं. सात जणींनी मात्र अट घातली: सकाळी नेहमीसारखं शेतावर जाऊ, दहाला टेम्पो आम्हाला परत आणून सोडेल, मग पुन्हा नेईल. टेम्पोवाल्यानं कबूल केलं होतं. कौसाबाईनं त्याच्या घरी जाऊन त्याच्या आईसमोर त्याला कबूल करायला लावलं होतं.

सोमवारी अधिकारी पावणेअकराला आले. त्यांना त्या दिवशी आणखी चार शाळा होत्या. खोलीत सतरंजी टाकली होती. कौसाबाई मध्ये बसली होती, पुढ्यात नवं रजिस्टर, पहिलं पान कोरं. सव्वाअकरापर्यंत सात माणसं झाली, आजारी होता तोही धरून. सात. आठवं हवं होतं.

टेम्पो आला नाही. नंतर कळलं, शेतवाल्यानं तो भरलेला कापूस घेऊन जिनिंगला पाठवला होता, ढग दिसले म्हणून. आणि शेत असं होतं की तिथं फोन लागत नाही.

साडेअकरा. पावणेबारा. अधिकाऱ्यांनी घड्याळ पाहिलं. बाहेर मुलं आवाज न करता बसली होती, त्यांना कोणी गप्प बसायला सांगितलं नव्हतं. सार दारात जाऊन रस्त्याकडे पाहून यायचे, पुन्हा जायचे. बारा वाजता ते वाकून कौसाबाईच्या कानाशी तेलुगूत म्हणाले, "अम्मा, शेतावर गेलेल्या गंगाबाईची सासू बाहेर बसली आहे. घर तेच. तिचा अंगठा घेऊ. गंगाबाई हो म्हणालीच होती की."

अधिकाऱ्यांनी ऐकलं. त्यांनी खुर्ची थोडी फिरवली आणि खिडकीबाहेर पाहू लागले. चांगला माणूस होता. "एक ही दस्तख़त का सवाल है, अम्मा," ते खिडकीशीच बोलल्यासारखे म्हणाले. "मैं बाहर देख रहा हूँ."

गंगाबाईची सासू तोवर दारात येऊनही उभी राहिली होती, अंगठा पदराला पुसत. "दे वो कौसे, मी लावतो. माह्याच नाती हायत."

मी कौसाबाईचा चेहरा पाहत होतो. तिच्या ओठांवर घाम आला होता. तिनं पेन उचललं, टोपण काढलं, पुन्हा लावलं. सगळ्यांना माहीत होतं की आदल्या रात्री गंगाबाई हो म्हणाली आहे. तिच्या जुन्या पद्धतीनं तर ही सही खरीच होती.

"नाई," ती म्हणाली. "बस्सा आत्याबाई. याच्यानंच मेलो आमी."

"अवो पण शाळा जाईन नं!"

"जाईन."

अधिकारी साडेबारापर्यंत थांबले. मग त्यांनी सात हजर असं लिहिलं, बैठक धरता आली नाही असं लिहिलं, आणि गेले. कौसाबाई त्याच जागी बसून राहिली. कोणी उठलं नाही. लक्ष्मीनं मुलांना वाढलं. त्या दिवशी वरण कोणी चाखलं नाही.

दोन वाजून दहा मिनिटांनी सात बाया धावत आल्या. चार किलोमीटर आल्या होत्या. कमरेला कापसाचे ओटे, वेचणीच्या झोळ्या, तशाच बांधलेल्या, कापूस सांडत होता. गंगाबाई धापा टाकत दारातच बसली. "गेले?" एवढंच म्हणाली.

"गेले. पाणी पे," कौसाबाई म्हणाली. मग मला म्हणाली, "मास्तर, लिव्हा. हजर चौदा. वेळ दोन वाजून दहा मिनिटं."

"आता उपयोग नाही, मावशी."

"उपयोगाचं मी नाई इचारलं. हजर हायत का नाई?"

मी लिहिलं. ठराव तिनं सांगितला, एकेकीला विचारून. चौदा जणांनी समोर बसून सही केली. तो कागद आम्ही बोथला आणि आदिलाबादला पाठवला. उत्तर आलं नाही. जूनमध्ये शाळा विलीन झाली. माझं वर्ष संपलं आणि मी वडिलांच्या दुकानात बसू लागलो.

त्यानंतर ती बाजाराच्या दिवशी दुकानासमोर यायची. टोपली खाली ठेवायची. वही विकत घ्यायची नसायची. इकडचं तिकडचं बोलायची, मग जायच्या आधी विचारायची, "मास्तर, त्या दिशी मी बरोबर केलं काय?"

पहिल्यांदा मी म्हणालो, हो. तिनं नुसतं पाहिलं. मी किती लवकर हो म्हणालो हे तिला दिसलं असणार. पुढच्या आठवड्यात तिनं पुन्हा विचारलं. मी म्हणालो, माहीत नाही. "हां," ती म्हणाली, "मलेबी नाई माईत," आणि त्या दिवशी जरा हलकी होऊन गेली असं वाटलं. तरी पुढच्या आठवड्यात विचारलंच. एकदा म्हणाली, "आत्याबाईचा अंगठा घेतला असता तं लेकरं इकडंच राह्यले असते. पण मंग पुढच्या साली कोणी काही लिहून आणलं असतं, तं मी कोण्या तोंडानं म्हणलं असतं, हे आमचं नाई?" टोपली उचलताना म्हणाली, "तोंड राह्यलं. शाळा नाई राह्यली."

मी तिला शेवटचं पाहिलं ते ऑगस्टमध्ये, सकाळी. दुकानाचा माल आणायला आदिलाबादच्या बसनं निघालो होतो. गावापाशी बसचा वेग कमी झाला. रस्त्याच्या कडेला मुलांची रांग होती, दप्तरं पाठीवर. कौसाबाई त्यांच्यापुढं दोन्ही हात आडवे पसरून उभी होती, तोंड मुलांकडे आणि पाठ रस्त्याकडे. ट्रकना ती हात दाखवत नव्हती. मुलांना धरून ठेवत होती. मान वळवून एकदा उजवीकडे, एकदा डावीकडे पाही, पुन्हा मुलांकडे. तिचे ओठ हलत होते. ती मोजत असावी. मी काचेवर टकटक केली. तिनं बसकडे पाहिलं, गाडी गेली की नाही एवढंच पाहिलं. बस पुढं गेली.

पुढच्या आठवड्यात तिला ताप आला. तिसऱ्या दिवशी आदिलाबादला नेताना ती वाटेतच गेली. भीमरावनं मला फोन केला. "मास्तर, ती गेली," एवढंच म्हणाला.

जुन्या शाळेच्या एका खोलीत आता अंगणवाडी आहे. दुसरीला कुलूप आहे. तेवीस मुलांपैकी सोळा रस्त्यापलीकडच्या शाळेत जातात. पाच वसतिगृहाच्या शाळेत गेली. दोन घरी आहेत. सकाळी आणि दुपारी मुलांसोबत रस्त्यापर्यंत भीमराव जातो. पलीकडच्या शाळेच्या समितीत आमच्या गावच्या तिघी आहेत. बैठक चार वाजता असते. वेचणीच्या दिवसांत अर्धा दिवस बुडतो. त्या जातात.